अण्णा, ते पाणी तुम्ही का अडवलंत ते लोकांना कळू दे

अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

अण्णा,

सप्रेम नमस्कार.

आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत, हे मला ठाऊक आहे. दवाखान्यातून परत आल्यावर हात जोडले, तर "आधी चहा सांग अक्का" म्हणून तुम्ही विषयच मोडलात. तरी हे पत्र मी चारचौघांत लिहितेय, त्याला कारण आमच्या दारात केमिकल सांडलं त्या दुपारचा तो व्हिडिओ. कुणीतरी लांबून काढलाय. बादली घेऊन धावणाऱ्या पोराला तुम्ही ढकलताय, तोंडात दोन कचकचीत शिव्या, आणि खाली ओळ टाकलीय, "म्हातारा पाणी ओतू देईना." निम्म्या एमआयडीसीच्या मोबाइलवर तो फिरला. त्याच वेळी आमच्या फाटकाच्या आत, माझ्या भाच्याच्या अंगावर तुम्ही सांगितल्याप्रमाणे अख्खा हौद उपसला जात होता, ते मात्र त्यात कुठं दिसत नाही. तुम्ही खुलासा करणार नाही. म्हणून मी करते.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऐन उन्हाळ्यातली दुपार. डाय हाऊसला, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्याला, माल घेऊन निघालेला टेम्पो आमच्या दारातल्या खड्ड्यात आदळला, मागची फळी सुटली आणि निळे कॅन रस्त्यावर आले. भाचा टॉवेलचे गठ्ठे भरायला बाहेर उभा होता. कॅन सरळ करायला धावला आणि बूच उडालं. मांडीपासून खाली पँट भिजली, चार थेंब डोळ्यात गेले. टेम्पोला ना पाटी, ना लेबल. ड्रायव्हर बिचारा शपथेवर सांगत होता की साबणाचं पाणी आहे, मालकांनी असंच सांगितलंय. मालक कोण, कुणाचा टेम्पो, ते इथं काढत नाही. ती तक्रार जिथं द्यायची तिथं दिली आहे.

भाचा म्हणाला, "मामी, काय दुखत नाही, नुसतं बुळबुळीत लागतंय." ऐकून मला हायसं वाटलं. तुमचा मात्र चेहरा उतरला. "कॉस्टिक हाय, धुवा त्याला!" एवढं ओरडून तुम्ही त्याला बखोटीला धरून आमच्या हौदापाशी आणलंत.

पुढं दवाखान्याच्या बाकावर तुम्ही मला समजावून सांगितलंत ते मी विसरणार नाही. ॲसिड पडलं की माणूस लगेच बोंबलतो, त्यामुळं धावाधाव तरी होते. कॉस्टिक लाय, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं घट्ट पाणी, गपचूप काम करते. कातडीतल्या चरबीचा साबण करत ती आत आत उतरते, तो बुळबुळीतपणा म्हणजे आपल्याच अंगाचा साबण. दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि ही काही कुठली परदेशी वस्तू नव्हे. सुताला मर्सराइझ करून झळाळी आणतात ती याच कॉस्टिकनं. डाय हाऊसला येते ती लाय साधारण ४८ टक्क्यांची. आम्ही इतकी वर्षं तिच्या शेजारी टॉवेल शिवतोय आणि आम्हाला तिचा गुण माहीत नव्हता. तुमचं आयुष्य मिलच्या प्रोसेस खात्यात गेलं, म्हणून तुम्हाला माहीत.

शिलाईच्या टेबलावरची मोठी कात्री तुम्ही मागितलीत आणि पँट ओढून न काढता वरपासून खालपर्यंत कापलीत, ओढली असती तर लाय आणखी खाली फासली गेली असती. पोरगं एकोणीस वर्षांचं, समोर शिलाईच्या सगळ्या बायका. ते लाजून पँट धरून बसलं. "लाज मागनं," म्हणालात तुम्ही, आणि आमच्या बायकांनी पाठमोऱ्या उभ्या राहून नवे कोरे टर्किश टॉवेल आडवे धरले. त्यातल्याच एकीनं टॉवेलनं पाय पुसायला हात पुढं केला तर तिच्यावर खेकसलात. घासलं की आत जातं, पाणीच वाहू दे. ती अजून सगळ्यांना ते सांगत असते, जरा अभिमानानंच.

पाण्याचंही तुम्ही पाहिलंत. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी उन्हानं चटका देणारं, म्हणून ती नळी तुम्ही बाजूला टाकलीत आणि खालच्या हौदातली मोटर लावायला सांगितलीत. सोलापुरात पाणी म्हणजे काय हे सोलापूरकरालाच कळतं. उजनी धरण भरलेलं असलं तरी घरच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, हौद म्हणजे आमची तिजोरी. कुणीतरी म्हणालंच, "दहा मिनिटं झाली, बस की आता." तुम्ही घड्याळ पाहिलं आणि म्हणालात, "अर्धा तास. हौद संपला तर टँकर सांगा." डोळ्याला वेगळी बारीक धार. दोन बोटांनी पापण्या फाकवून धरलेल्या, मान दुखऱ्या डोळ्याच्या बाजूला कलती, पाणी नाकाकडून कानाकडं, म्हणजे धुवण दुसऱ्या डोळ्यात जायला नको. पोरगं तडफडत होतं, डोळा मिटू बघत होतं. तुम्ही त्याला तेलुगूत काहीतरी सांगत होतात, त्याला तेलुगू येत नाही, तरी ते गप्प झालं.

तेवढ्यात कुणी कोलगेट आणलं, कुणी खोबरेल. एक शहाणा लिंबू कापून घेऊन आला, अल्कली आहे तर आंबट लावा म्हणून. शाळेतलं विज्ञान त्याचं बरोबर होतं. पण ॲसिड आणि अल्कली भेटले की उष्णता निघते, आणि ती आधीच भाजलेल्या कातडीवर निघणार. तुम्ही लिंबू त्याच्या हातातून घेऊन थेट खिशात घातलंत. त्याही गडबडीत मला हसू आलं.

आता त्या व्हिडिओचं. भाच्याला बायकांच्या ताब्यात देऊन तुम्ही रस्त्यावर आलात, तेव्हा चार पोरं बादल्या घेऊन रस्ता धुवायला निघाली होती. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण घट्ट लायवर पाणी पडलं की ती तापते, शिंतोडे उडतात, आणि हातभर जागेतलं थारोळं बघता बघता रस्ताभर होतं. शेजारीच गटार, पुढं नाला. त्यातल्या एकाला तुम्ही ढकललंत ते त्याच्या पायाखाली थारोळं होतं म्हणून. अनवाणी होतं ते पोर! अंगावर पडलं की पाणी हवं आणि रस्त्यावर सांडलं की कोरडी माती हवी, हा फरक त्या गर्दीत फक्त तुम्हाला माहीत होता, आणि समजावून सांगायला वेळ नव्हता.

शेजारी बांधकाम चालू होतं, तिथली कोरडी माती आणि वाळू घमेल्यांनी आणून आधी गटाराच्या तोंडाशी बांध घातला, मग कडेकडेनं आत. कॅन्टीनच्या पोरानं लाय भरून घ्यायला ॲल्युमिनियमचं पातेलं आणलं आणि टेकवलं. बघता बघता त्याच्या बुडाला बुडबुडे धरायला लागले, जणू चहा उकळतोय. तुम्ही ते लाकडानं लांब ढकललंत आणि पहिल्यांदा काय केलंत, तर पानटपरीपाशी सिगारेट ओढणाऱ्याला हाकललंत. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो, जस्ताच्या बादलीलाही तेच. मला हे पन्नाशीत कळलं.

आणि टेम्पोतले पांढरे कॅन. त्यांच्या बुचाभोवती बारीक धूर दिसत होता. इतर कुणाचं तिकडं लक्षच नव्हतं, तुम्ही ओळखलंत, हायड्रोक्लोरिक ॲसिड. कॉस्टिक आणि ॲसिड एकाच टेम्पोत, एकावर एक! दोन्ही फुटून एकत्र आले असते तर उकळून उडालं असतं. टेम्पोची चाकं अजून कोरडी आहेत हे पाहून तुम्ही ड्रायव्हरला तो पुढं चढावर न्यायला लावलात आणि गर्दीला वाऱ्याच्या वरच्या अंगाला पिटाळलंत. टेम्पोला पाटी नव्हती, पण पाटीचा कायदा आहे की. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. घातक माल वाहणाऱ्या गाडीवर मालाचं नाव, यूएन नंबर म्हणजे त्या मालाचा जगभर एकच असलेला चार आकडी नंबर, आणि फोन नंबर असलेली पाटी लागते, ड्रायव्हरला वेगळं प्रशिक्षण लागतं. कॉस्टिकच्या द्रावणाचा नंबर १८२४, हायड्रोक्लोरिकचा १७८९. त्या पाटीवर नुसते चार आकडे असते तरी अग्निशमनवाल्यांना फोनवरच कळलं असतं काय घेऊन यायचं. आम्ही फोन केला तेव्हा तुम्ही मागून ओरडत होतात, "नुसतं केमिकल म्हणू नको अक्का, कॉस्टिक लाय म्हण, किती कॅन ते सांग." १०८ लाही तेच सांगितलं. त्यामुळं डॉक्टर तयार होते. त्यांनी खालच्या पापणीत ॲसिड-अल्कली ओळखायची कागदाची पट्टी लावून पाहिली, रंग अजून चढाच होता, म्हणून सलाइननं पुन्हा धुतलं, पट्टी ताळ्यावर येईपर्यंत.

पण माझ्या मनात बसलंय ते हळदीचं. अग्निशमनचे जवान आल्यावर गमबूट, रबरी हातमोजे, गॉगल घालून त्यांनी माती प्लास्टिकच्या पिंपात भरली. खाली ओलसर डाग राहिला. त्यातल्या लायचा जोर मारायला डाय हाऊसमधलं ॲसेटिक ॲसिड खूप पातळ करून थोडं थोडं शिंपडायचं ठरलं, पण झालं का कसं कळणार? पट्टी कुणाकडंच नव्हती. तुम्ही कॅन्टीनमधून चिमूटभर हळद मागवलीत आणि डागावर टाकलीत. पिवळी हळद डोळ्यांदेखत लालभडक झाली, म्हणजे लाय अजून होती. पंढरपूरचं कुंकू हळदीला चुना लावूनच तर होतं, आम्ही बायका रोज कपाळाला लावतो, पण कधी डोक्यात आलं नाही. शिंपडायचं, हळद टाकायची, लाल झाली की परत शिंपडायचं. शेवटी हळद पिवळीच राहिली तेव्हा तुम्ही रस्ता मोकळा करू दिलात. अग्निशमनच्या साहेबांनीसुद्धा मान डोलावली. ती माती आम्ही कचऱ्यात टाकली नाही, पिंपांवर चिठ्ठ्या लावून रीतसर घातक कचऱ्यात पाठवली.

भाच्याचा डोळा वाचला. अजून लाली आहे, पण सुईत दोरा ओवून दाखवला त्यानं. मांडीवर जखम आहे, ड्रेसिंग चालू आहे, जरा वेळ लागेल म्हणतात. आमच्या लाइनीतल्या कारखानदारांनी मिळून डोळे धुवायचा नळ आणि शॉवर बसवायचं ठरवलंय, नळी कुठं, उंची किती ते तुम्हीच येऊन सांगा. व्हिडिओ टाकणाऱ्या पोराला मी हे पत्र आधीच पाठवलंय.

आणि एक. भाच्याला ओढताना तुमचा पाय त्या थारोळ्यात पडला. पाय तुम्ही धुतलात, पण चामडं लायपुढं टिकत नाही, चपला चिघळून गेल्या आणि तुम्ही कॅन्टीनच्या रबरी चपला घालून घरी गेलात. नवीन जोड आणून ठेवलाय. आठ नंबर अंदाजानं घेतलाय, पावती जपून ठेवलीय, बसला नाही तर दुकानदार बदलून देईल. नको म्हणायचं नाही.

तुमची,
टॉवेल शिलाईवाली अक्का