दोन वासे बदलण्याची परवानगी

मा. सांस्कृतिक वारसा मंत्री महोदय यांस,
सादर नमस्कार.

विषय : खासगी मालकीच्या ऐतिहासिक घरांची नित्य देखभाल

आपल्या खात्याच्या वारसा यादीत नोंद असलेल्या एका घराची मालकी सध्या माझ्याकडे आणि माझ्या चार चुलत भावंडांकडे आहे. ‘सध्या’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण हे घर आमच्या आधी पाच पिढ्यांनी सांभाळले आणि आमच्यानंतर ते कोणाकडे तरी धडधाकट अवस्थेत पोहोचावे, एवढीच आम्हा पाच जणांची त्याबाबत भूमिका आहे. हे पत्र मी अनुदान मागण्यासाठी लिहीत नाही. यादीतल्या घराच्या मालकाला आजच्या नियमांखाली सर्वांत सोपी गोष्ट कोणती असेल, तर ती म्हणजे काहीही न करणे, आणि सर्वांत अवघड गोष्ट कोणती असेल, तर ती म्हणजे वेळेवर किरकोळ दुरुस्ती करणे. हा उलटा हिशेब आपल्यासमोर मांडावा, एवढाच या पत्राचा हेतू आहे.

मागे आमच्या छपराच्या दोन वाशांना वाळवी लागल्याचे लक्षात आले. यादीतले घर असल्यामुळे रीतसर अर्ज केला. मोजमापासह नकाशे, वास्तुविशारदाचा दाखला, चारही बाजूंची छायाचित्रे, सर्व सहमालकांची संमतिपत्रे असे सगळे जोडले. समितीची बैठक दोनदा पुढे ढकलली गेली, मग एका त्रुटीसाठी अर्ज परत आला, आणि परवानगी हाती पडली तेव्हा चौदा महिने उलटून गेले होते. तोवर दोन वाशांचे पाच झाले होते, आणि ज्या भिंतीवर ते टेकले होते तिला पोट आले होते. त्या कार्यालयातल्या कोणाला मी दोष देत नाही. नियमात जे लिहिले होते तेच त्यांनी केले. खेद याचा वाटतो, की याच चौदा महिन्यांत मी त्या छपराकडे ढुंकूनही पाहिले नसते, तरी एकाही अधिकाऱ्याने मला एका शब्दाने विचारले नसते.

जुने घर हातोड्याने क्वचितच पडते. ते पाण्याने पडते. एखादे कौल सरकते किंवा पन्हळीत पाला अडकतो, पाणी भिंतीच्या डोक्यावर साचते आणि तिथून ते तुळईच्या त्या टोकाला पोहोचते जे भिंतीत गाडलेले असल्यामुळे कोणालाच दिसत नाही. तुळई मधोमध ठणठणीत दिसत असते आणि टोकाशी तिचा भुसा झालेला असतो. मग घाबरलेला मालक स्वस्तात मिळणारा उपाय करतो, म्हणजे भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतो. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतला ओलावा बाहेर पडू शकतो. सिमेंटचा कडक थर तो आतच कोंडतो, आणि कोंडलेली ओल लाकडाकडे व मऊ विटांकडे वळते. चार-पाच वर्षांनी गिलाव्याला फुगे येतात, क्षार फुलून विटांचा चुरा गळू लागतो, आणि मालकाला वाटते की घर जुने झाले म्हणून पडायला आले. घर जुने होते, पण ते पाडले त्या उपायाने. या सगळ्या प्रवासात कुठेही परवानगी लागेल असे ‘काम’ झालेले नसते, असलेच तर तो एक गिलावा, आणि तोही सहसा कोणी विचारून करत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, की आपल्या नियमांची नजर चुकीच्या जागी रोखलेली आहे. मालक काय बदलतो यावर ती आहे. घराचे काय होते आहे यावर ती नाही.

नेदरलँड्समध्ये १९७३ साली ‘मोन्युमेंटनवाख्त’ नावाची एक सेवा सुरू झाली. तिचे स्वरूप इतके साधे आहे, की ते वाचताना मला थोडी असूया वाटली. मालक सभासद होतो, आणि ठरावीक काळाने दोन प्रशिक्षित कारागीर गाडीत शिडी व हत्यारे घालून येतात. ते माळ्यावर चढतात, छपरावर जातात, पन्हळी तपासतात, सरकलेले कौल किंवा सुटलेला पत्रा तिथल्या तिथे बसवतात आणि निघताना घराच्या प्रकृतीचा लेखी अहवाल देतात : हे तातडीचे, हे थोडे थांबू शकेल, याकडे पुढच्या खेपेस पाहू. मोठी कामे ते स्वतः करत नाहीत, त्यामुळे खर्च वाढवून सांगण्यात त्यांना काही लाभ नसतो. वर्षानुवर्षांच्या अशा अहवालांतून प्रत्येक घराची एक वही तयार होते, आणि मालक बदलला तरी ती वही घराबरोबर राहते. ही कल्पना तिथून शेजारच्या बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागातही गेली. रोजच्या काळजीने ऱ्हास टाळावा, मोठ्या जीर्णोद्धाराची वेळच येऊ देऊ नये, असा आग्रह इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७७ साली जुन्या इमारतींसाठी संस्था स्थापली तेव्हाच धरला होता. डचांनी त्याला शिडी आणि गाडी दिली, इतकेच.

याच्या उलट उदाहरणही इंग्लंडचेच आहे. तिथे ऑक्टोबर २०१२पर्यंत यादीतल्या राहत्या घरात परवानगी घेऊन केलेल्या बदलांवर मूल्यवर्धित कर शून्य होता आणि दुरुस्तीवर मात्र पूर्ण दराने लागत होता. म्हणजे छप्पर दुरुस्त करणाऱ्याने कर भरायचा आणि घराला नवी खोली जोडणाऱ्याने भरायचा नाही. ही विसंगती पुढे दूर केली गेली, पण ती दुरुस्तीवरचा कर उतरवून नव्हे. बदलांवरही तोच २० टक्के कर लावून. अर्थखात्याची समानतेची व्याख्या बहुधा सर्वत्र सारखीच असावी.

मालकांना भरपाई देण्याचा एक मार्ग विकास हक्कांच्या हस्तांतरणाचा, म्हणजे आपल्या जागेवर न वापरता येणारा बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागेसाठी विकण्याचा, आहे. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकावर उंच मनोरा बांधण्यास १९६५च्या वारसा कायद्याखाली नकार मिळाला, तेव्हा मालक कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९७८ साली न्यायालयाने शहराची बाजू उचलून धरली आणि असे करताना, तिथे न वापरता येणारे बांधकामाचे हक्क जवळच्या भूखंडांवर वापरता येतात, याचीही दखल घेतली. मुंबईच्या १९९५च्या वारसा नियमावलीतही यादीतल्या इमारतींच्या मालकांसाठी अशा हक्कांची वाट ठेवली गेली. वाट चांगली आहे, पण तिच्या दोन मर्यादा आहेत. जिथे जमिनीला सोन्याचा भाव आहे तिथेच अशा हक्कांना गिऱ्हाईक मिळते, लहान गावातल्या घराला त्यांचा काही उपयोग नाही. शिवाय हे पैसे एकदाच मिळतात आणि छपराला मात्र दरवर्षी हात लावावा लागतो. हक्क विकून आलेल्या रकमेचा काही भाग त्याच घराच्या देखभालीसाठी बांधून ठेवण्याची अट नसेल, तर त्या व्यवहारात घराचा संबंध फक्त पत्त्यापुरता उरतो.

आता वारसांविषयी. ऐतिहासिक घर बहुतेक वेळा मालकाच्या मृत्यूनंतरच्या दहा वर्षांत संपते, असे माझे निरीक्षण आहे. मालक दोनाचे पाच होतात आणि पाचाचे बारा. कोणी परदेशी असते, कोणाला मुलांच्या शिक्षणासाठी आपला हिस्सा रोख हवा असतो, आणि त्यात गैर काही नाही. पण कुलमुखत्यारपत्रावर एक सही कमी पडली म्हणून पन्हळ साफ होत नाही. जिथे वारसा कर, म्हणजे वारसाने मिळालेल्या मालमत्तेवरचा कर, आहे तिथे त्याची भर पडते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने १९७४ साली नष्ट झालेल्या ग्रामीण वाड्यांवर एक प्रदर्शन भरवले होते, आणि त्या यादीची लांबी पाहून लोक हबकले होते. ब्रिटनमध्ये आज असे घर वारसाने मिळाले, तर त्यावरचा कर सशर्त माफ होऊ शकतो : घर नीट राखायचे आणि लोकांना पाहू द्यायचे. वचन मोडले किंवा घर विकले, तर कर भरावा लागतो. मला ही रचना पटते, कारण तीत उपकाराची भाषा नाही, देवाणघेवाण आहे.

श्रीमंतांच्या घरांसाठी जनतेने पदरमोड का करावी, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो मला रास्त वाटतो. म्हणूनच सवलतीच्या बदल्यात दार उघडले गेले पाहिजे. फ्रान्समध्ये १९८४पासून दरवर्षी ठरलेल्या दिवशी एरवी बंद असलेल्या वास्तू लोकांसाठी उघडतात आणि त्यांत खासगी घरेही असतात. नोंद झालेल्या वास्तूंच्या मालकांना तिथे देखभालीचा खर्च करपात्र उत्पन्नातून वजा करता येतो. अमेरिकेत ऐतिहासिक इमारतींच्या नूतनीकरणाच्या खर्चावर मिळणारी २० टक्क्यांची केंद्रीय करसवलत मात्र उत्पन्न देणाऱ्या इमारतींनाच आहे. मालक स्वतः राहत असलेल्या घराला ती मिळत नाही. त्यामुळे राहते घर हॉटेल झाले तर मदत आणि घरच राहिले तर नाही, असे होते. ही चूक आपण करू नये. ज्या घरात माणसे राहतात, त्याच्या छपराची गळती पहिल्या पावसातच कळते.

मालकांची बाजू मांडताना आमच्यातल्यांचे दोषही सांगितले पाहिजेत. रात्री चार कौले काढून ठेवायची, दोन पावसाळे जाऊ द्यायचे आणि मग इमारत धोकादायक असल्याचा दाखला घेऊन पाडकामाचा अर्ज करायचा, ही युक्ती करणारे मालक आहेत आणि ती चालते, हे आपल्या खात्यालाही ठाऊक असावे. माझ्या सूचनांचा पहिला चटका अशांनाच बसेल. घराची वही असेल, तर परवापर्यंत धड असलेले छप्पर अचानक कसे उघडे पडले, याचे उत्तर त्यांना द्यावे लागेल.

तेव्हा माझी विनंती अशी. मूळच्याच साहित्याने, मूळच्याच पद्धतीने केलेल्या किरकोळ दुरुस्तीला परवानगीऐवजी केवळ आगाऊ सूचना पुरेशी मानावी आणि पंधरा दिवसांत हरकत न आल्यास काम सुरू करू द्यावे. यादीतल्या प्रत्येक घराची दर दोन वर्षांनी पाहणी व्हावी आणि ती करणाऱ्यांना चुना, लाकूड आणि कौले हाताळता यावीत. केवळ अर्ज तपासता येणे पुरेसे नाही. सहमालक पांगलेले असतील, तर त्यांच्यापैकी एकाला देखभालीपुरता अधिकार देण्याची सोपी तरतूद कायद्यात असावी. करसवलत द्यायची झाल्यास ती झालेल्या देखभालीवर द्यावी, आणि तिच्या बदल्यात वर्षातले काही दिवस घर लोकांसाठी उघडण्याची अट घालावी. यातल्या पहिल्या सूचनेला बहुधा नियमावलीतल्या दुरुस्तीपलीकडे काही लागणार नाही, म्हणून तिच्यापासून सुरुवात करावी, असे सुचवतो.

पाहणीचा प्रयोग कुठून सुरू करायचा असा प्रश्न असेल, तर आमचे घर त्यासाठी खुले आहे. गेल्या नऊ वर्षांत छपरावर कोण चढले, काय सापडले आणि काय राहून गेले याची नोंद आम्ही एका वहीत ठेवली आहे. त्या पाच वाशांचे पानही तीत आहे. आपल्या खात्याने मागितल्यास तिची प्रत पाठवीन.

कळावे,

आपला नम्र,
यादीतल्या एका घराचा सहमालक