चुन्याची खूण

माताराम, नर्मदे हर!

पत्र मराठीत लिहितोय. माझं हिंदी कसं आहे ते तुम्ही अकरा दिवस ऐकलंत आणि तोंडाला पदर लावून हसलातही. सूनबाईंचं माहेर रावेरचं, त्या वाचून दाखवतील. नर्मदा परिक्रमेहून आल्यापासून लोक मला शूलपाणीच्या झाडीबद्दल विचारतात, समुद्रातल्या नावेबद्दल विचारतात. पाय गेला तर काय करायचं, हे कुणी विचारत नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत.

ओंकारेश्वराहून निघून आमचा पाचवा दिवस होता. सकाळी रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांच्या समाधीपुढे डोकं टेकलं. 28 एप्रिल 1740 ला ते तिथेच गेले. मराठी माणसाचा ऊर तिथे भरून येतोच, माझाही आला. घोडदौडीसाठी ज्यांचं नाव त्यांच्या पायरीवरून उठलो आणि तासाभरात बकावांच्या अलीकडे मी जमिनीवर बसलेला होतो. दोष वाटेचा नव्हता. मोबाईलवर किती किलोमीटर झाले ते बघत चाललो होतो, पाठीवर बारा किलोची सॅक. डावा पाय आत वळला आणि कट्ट असा आवाज मला स्वतःला ऐकू आला. पलीकडे मैयातल्या दगडांची शिवलिंगं घडवणारी यंत्रं घरघरत होती, ती घरघर अजून त्या कळेशी जोडलेली आहे.

एक भला गाडीवाला थांबला. म्हणाला, बडवाहला नेतो, मोठा दवाखाना आहे. मी कळवळत होतो, गाडीत बसलोच असतो. तुम्ही कापसाच्या शेतातून बांधावर आलात आणि त्याला म्हणालात, "अरे, बडवाह तो उस तट पे है!" मोरटक्क्याचा नर्मदेवरचा पूल ओलांडला असता तर परिक्रमा तिथेच खंडित, मैया मध्येच ओलांडायची नसते. हे मला पाठ होतं, चार महिने हाच नेम वाचून निघालो होतो, पण त्या क्षणी आठवलं नाही. तुम्हाला आठवलं. मुलाला हाक मारलीत, मोटरसायकल काढायला लावलीत, सनावदला. सनावद दक्षिण तटावर.

पण निघण्याआधी एक मिनिट थांबवलंत. कनवटीची चुन्याची डबी काढून, मी पडलो त्याच्या शेजारच्या दगडावर बोटानं एक रेघ ओढलीत. "यहाँ से आगे." गाडीवर बसून गेलो ते दवाखान्यासाठी, चालणं मात्र इथूनच पुढे सुरू होणार. मला इतकं रडू आलं ते पायामुळे नव्हतं.

एक्स-रेत हाड शाबूत निघालं. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध अर्धवट फाटलेला. पट्टी, बर्फ, पाय उशीवर, दहा दिवस तरी चालायचं नाही. बर्फ तुम्ही किराणावाल्याच्या फ्रिजमधून रोज दोनदा आणवलात. तिसऱ्या दिवशी गावातले सांधे बसवणारे काका तेलाची वाटी घेऊन आले, त्यांना ओट्यावरूनच चहा पाजून परत पाठवलंत: आधी सूज उतरू दे. त्यांनी चोळला असता तर महिना गेला असता, असं मागाहून डॉक्टर म्हणाले.

आता जे खरं सांगायचंय ते. माझ्या पायाचं एकवेळ कुणीही केलं असतं. माझ्या सोबत्याचं तुम्ही केलंत.

कॉलेजपासूनची आमची मैत्री. त्यानं बिनपगारी रजा काढली होती आणि रोज रात्री तो दिवस मोजायचा, मनात, पण मला ऐकू यायचं. मी म्हणायचो, तू पुढे हो. तो म्हणायचा, गप्प पड. तो थांबल्याचा मला राग यायचा. त्याला माझ्या पडण्याचा येत असणार, कारण मोबाईल खिशात ठेव असं त्यानं सकाळीच दोनदा बजावलं होतं. चौथ्या दिवशी आमचं बोलणं जवळजवळ बंद झालं. तुम्ही काही विचारलं नाहीत. सकाळी त्याच्या कमरेला ओटी बांधलीत आणि शेतात नेलंत. संध्याकाळी त्याचा कापूस भरला 9 किलो, सूनबाईंचा चाळिसाच्या घरात. वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी त्याची बोटं फाटली होती. तुम्ही पहिल्यांदा त्याला बसवलंत, हळद-तेल लावलंत, आणि माझ्या घोट्याकडे नंतर वळलात. मला चक्क हेवा वाटला! आणि तो त्या रात्री हसला, मिरचीच्या वाळवणाचा खाट नाकात गेल्यावर शिंकत शिंकत. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी, तुमची अमाडी, दोघांनी एकाच ताटात खाल्ली. पायाचं दुखणं दिसतं हो. थांबणाऱ्याचं कोण बघतं?

तुमच्या नातीचे आभार वेगळे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सूज उतरली की अंगठ्यानं हवेत अक्षरं काढा, घोटा मोकळा होतो. ती पहिलीतली मास्तरीण खाटेच्या पायथ्याशी फूटपट्टी घेऊन बसायची. "क का पेट छोटा है, फिर से." तीन-तीनदा गिरवून घ्यायची. मग एका पायावर उभं राहण्याचा धडा. त्यात ती बगळा आणि मी पडका खांब.

निघताना पैसे पुढे केले तेव्हा तुम्ही असं पाहिलंत की हात आपोआप मागे गेला. कन्यापूजन करू दिलंत, तेवढंच. मग आमच्यासोबत त्या दगडापर्यंत आलात. दहिवरानं चुना फिकटला होता. तुम्ही पुन्हा डबी काढून रेघ ठळक केलीत आणि मला म्हणालात, दुखरा पाय आधी. त्या दिवशी सहा किलोमीटरच झाले. पुढच्या आश्रमात कुणीतरी विचारलं, "कितनी मूर्ति?", म्हणजे किती परिक्रमावासी, आणि सोबती माझ्याआधी म्हणाला, "दो."

अकरा दिवसांची किंमत शेवटी उन्हानं वसूल केली. शेवटच्या टप्प्यात, हंडियाच्या पुढे, मार्चअखेरीला डोकं भाजून निघत होतं, पहाटे चारला चालायला लागायचो. सोबत्याची रजा संपली होती, साहेबांशी फोनवर भांडून त्यानं दोन आठवडे वाढवून घेतले. ओंकारेश्वरी जल चढवताना तो म्हणाला, कापसाच्या नऊ किलोंचा हिशेब माताराम अजून देणं लागतात.

नातीला सांगा, घोटा ठीक आहे, रोज सकाळी अक्षरं गिरवतो. तिच्या पुस्तकात नसलेल्या त्या 'ळ'वरून आमचं भांडण झालं होतं ना, तो अंगठ्यानं अजून धड येत नाही.

तुमच्या ओट्यावरच्या दोन मूर्तींपैकी एक