अण्णाकाकांचं घड्याळ लॉकरमध्ये आहे, बाबा

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, आज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की तुम्ही नेहमीसारखं गोदरेजचं कपाट उघडाल आणि चोरकप्प्यात हिरवी डबी दिसणार नाही. घाबरू नका, चोरी झालेली नाही. काल तुम्ही दोघं मिरजेला डोळे दाखवायला गेला होतात तेव्हा दादाने अण्णाकाकांचं घड्याळ बँकेच्या लॉकरमध्ये नेऊन ठेवलंय. त्याला काही बोलू नका, दोन दिवस त्याच्या जिवाची नुसती घालमेल चाललेली, हे सगळं मी करायला लावलंय. वहिनीला सांगितलंय की पत्राची प्रिंट मोठ्या अक्षरात काढ आणि दुपारच्या चहाबरोबरच दे, म्हणजे कपाट उघडायच्या आधी तुम्हाला कळलेलं असेल.

न विचारता केलं हे चुकलंच माझं. पण जूनमध्ये इकडे लंडनला येताना ते घड्याळ घालून येऊ नका, असा मी फोनवर तीनदा विषय काढला आणि तिन्ही वेळा तुम्ही एकच म्हणालात, अण्णाचं लंडन बघायचं राहून गेलं, निदान त्याचं घड्याळ तरी जाऊन येऊ दे. आता यावर मी काय बोलणार होते? ती निळी सूटकेस, मस्कतहून आलेला तो शेवटचा फोन, नंतरचे ते चार महिने, सगळं मलाही आठवतं. तुमचा आवाज तसा झाला की माझ्याच्याने पुढे बोलवत नाही, म्हणून मी हो हो म्हटलं आणि पाठीमागून दादाला फोन केला.

आणि बाबा, खरं कारण मी तेव्हाच सांगायला हवं होतं, ते आता सांगते. लग्नात तुम्ही तुमच्या जावयाला दिलेलं ओमेगा घड्याळ आता नाहीये. नोव्हेंबरमध्ये सोहोत, म्हणजे इथल्या हॉटेलं-पबच्या भागात, रस्त्यावर हिसकावून नेलं. आधी हे वाचा की तो बरा आहे, हातावर ओरखडे आले होते ते कधीच भरले. व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, घड्याळ कुठंय, आणि मी म्हटलं सर्व्हिसिंगला दिलंय, ते खोटं होतं. सहा महिने मी खोटं बोलतेय. आई, तू रागवायच्या आधी आठव, गणपतीच्या देवळातून येताना त्या मोटरसायकलवाल्यांनी तुझं मंगळसूत्र ओढलं तेव्हा तूही मला पंधरा दिवसांनी सांगितलं होतंस, आणि तेही गळ्यावरचा वळ मावळल्यावर. मी तुझीच मुलगी.

झालं असं की ऑफिसातल्या लोकांबरोबर जेवण होतं, शुक्रवार होता, साडेदहाच्या सुमारास तो ट्यूबच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनकडे एकटा चालत निघाला. गजबजलेला रस्ता, पब भरलेले, अगदी लक्ष्मी रोडला दिवाळीत असते तशी गर्दी, म्हणजे निर्जन गल्ली वगैरे काही नाही. एक पोरगा हसत हसत समोर आला, प्यायल्यासारखा, आणि जुना दोस्त भेटल्यासारखा खांद्यावर हात टाकून नाचायलाच लागला. शुक्रवारी रात्री तिथे असं कोणीही करतं, म्हणून हाही हसला. मग मनगटावर पकड जाणवली तसा याने हात मागे ओढला, तर मागून दुसऱ्याने भिंतीवर ढकललं आणि पहिल्याने घड्याळाला असा हिसडा दिला की पट्टा डबीपासून सुटला. दोघं दोन दिशांना पळाले. दहा-पंधरा सेकंदांचा खेळ, आणि आजूबाजूच्या लोकांना वाटलं मित्र-मित्र मस्ती करतायत.

घरी आला तेव्हा मनगटावर रक्त सुकलेलं आणि सारखी शर्टाची बाही खाली ओढत होता, मला दिसू नये म्हणून. रात्री कोट झटकला तर बाहीच्या अस्तरात एक पिन सापडली. पट्टा आणि डबी जोडणारी ती स्प्रिंगची बारीक पिन असते ना, तांदळाच्या दाण्याच्या जाडीची, एका टोकाला वाकलेली. ती मी आईने दिलेल्या हळदीकुंकवाच्या करंड्यात ठेवलीय. टाकवली नाही.

आणि तो पहिलं वाक्य काय बोलला माहितेय, "बाबांना काय सांगू?" पोलिसांना नाही, इन्शुरन्सला नाही, बाबांना काय सांगू.

तुमची ती प्लास्टिकची फाइल मात्र उपयोगी पडली. लग्नाच्या वेळी बिल, वॉरंटी कार्ड आणि वर दोन दोन झेरॉक्स तुम्ही दिल्या होत्यात, मी तेव्हा चिडवलं होतं. पोलिसांनी पहिल्यांदा विचारला तो सीरियल नंबर, आणि तो आमच्याकडे होता. तो नंबर आम्ही इथल्या वॉच रजिस्टरमध्येही नोंदवलाय, चोरीच्या आणि हरवलेल्या घड्याळांची यादी असते तिथे, घड्याळ विकत घेणारे दुकानदार त्यात तपासून बघतात. म्हणजे उद्या कोणी ते विकायला आणलं तर सापडू शकतं. आशा सोडलेली नाही, पण धरूनही बसलेलो नाही.

आता तुम्ही म्हणाल एका प्रसंगावरून एवढं काय. बाबा, हा एक प्रसंग नाहीये. बॉक्सर आमिर खान आठवतो ना, 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक घेतलं तेव्हा 17 वर्षांचा होता. त्याला एप्रिल 2022 मध्ये इथे पूर्व लंडनला लेटनमध्ये बायकोबरोबर जेवून बाहेर पडल्यावर तोंडासमोर बंदूक धरून लुटलं, जवळपास 70 हजार पौंडांचं घड्याळ. जो माणूस ठोसे मारून पोट भरतो त्याने निमूटपणे काढून दिलं, आणि शहाणपणा केला. फॉर्म्युला वनवाला लँडो नॉरिस 2021 ची युरो फुटबॉल फायनल बघून वेम्बलीतून निघाला तर गाडीपाशीच त्याचं गेलं, आणि वेम्बली आमच्यापासून काही लांब नाही. सोहोत तर 2022-23 ला पोलीसच साध्या कपड्यांत, मनगटावर महागडी घड्याळं घालून, मुद्दाम रात्री हिंडत होते, आणि चोर येऊन त्यांच्याच हातातून ओढायला लागले की धरत होते. एवढं जाळं लावावं लागलं म्हणजे विचार करा.

आणि हे पाकीटमारीसारखं हाताला लागेल ते नेणं नसतं. आधी कोणीतरी हेरून ठेवतो, बारमध्ये, हॉटेलात, भारी दुकानाच्या दारात, मग बाहेरच्याला कळवतो. लांबून नुसत्या पट्ट्याच्या आणि तबकडीच्या आकारावरून मॉडेल ओळखतात म्हणे. मध्ये कोविडनंतर रोलेक्स दुकानात मिळेनाशी झाली, नाव नोंदवून वाट बघायची, त्यामुळे सेकंडहँडचे भाव भडकले, 2022 च्या सुरुवातीला तर फारच. गाडी चोरली तर नंबर प्लेट, कागद, शंभर भानगडी, घड्याळ खिशात घालून देशाबाहेर नेता येतं. अण्णाकाकांचं रोलेक्स डेटजस्ट जुनं आहे, काच चरे पडलेली आहे, हे आपल्याला ठाऊक. तारखेवरचं ते भिंग दिसलं की त्यांना तेवढं पुरतं, जुनं का नवं ते नंतर बघतात.

तुम्ही म्हणालात बाहीखाली घालेन. जूनमध्ये येताय तुम्ही, तुमचे ते अर्ध्या बाह्यांचे बुशशर्ट, आणि पूर्ण बाह्यांचा घातलात तरी ट्यूबमध्ये वरचा दांडा धरायला हात वर केला की बाही कोपरापर्यंत घसरते, मी किती जणांची बघते. शिवाय एवढं महागडं घड्याळ घेऊन निघायचं तर मुंबईला कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यायचं, नाहीतर परत येताना ड्युटीवरून वाद, ती दगदग रात्री दोनच्या फ्लाइटला तुम्ही कशाला करायची?

खरं सांगू का, घड्याळ गेलं तरी मी सोसलं असतं. मला भीती तुमची आहे. तुम्ही देणार नाही. त्या मंगळसूत्राच्या वेळी तुम्ही त्या मोटरसायकलमागे पळाला होतात, आईने नंतर सांगितलं, तेव्हा अँजिओप्लास्टीला वर्षसुद्धा झालं नव्हतं. 2023 ला मिलानमध्ये कार्लोस साइन्झचं घड्याळ नेलं तर तो चोरांमागे धावला आणि पकडलंही त्यांना, पण तो 29 वर्षांचा रेसिंग ड्रायव्हर, तुम्ही 74 चे आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. नुसतं ढकललं आणि फुटपाथच्या कडेवर डोकं आपटलं तर? मी रात्री दोन-दोन वाजता हेच बघत पडलेली असते. अण्णाकाकांचं घड्याळ अण्णाकाकांसाठी म्हणून तुम्ही मुठीत घट्ट धरून ठेवणार, मी ओळखते तुम्हाला.

म्हणून लॉकर.

ते बंद पडेल याचं वाईट वाटेल तुम्हाला. रोज संध्याकाळी अर्धा तास हातात घालून झोपाळ्यावर बसता ते त्याच्यासाठीच, मला माहितेय, आम्ही कधी बोललो नाही त्यावर. दादाने घड्याळजींना विचारलं, ऑटोमॅटिक घड्याळ दोनेक दिवसांत थांबतं आणि त्याने काही बिघडत नाही, परत हलवलं की चालू. लॉकरची किल्ली तुमच्याचकडे आहे, निघायच्या आधी कितीही वेळा जाऊन बघा, दादा स्कूटरवरून नेईल. आणि परत गेलात की तुम्ही स्वतः काढून वेळ लावा, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही असं मी बजावलंय.

इकडे येताना एचएमटी जनता घालून या ना, बाबा. एसटीत मला झोप आली की मी तुमच्या मनगटावर कान ठेवून पडायचे आणि टिकटिक ऐकत ऐकत कवठेमहांकाळपर्यंत उठायची नाही, आणि तुम्ही मुंग्या आल्या तरी हात हलवायचा नाहीत. सकाळी दाढी झाली की चावी द्यायचीत, मी मोजायचे. पिल्लूला तो चावीचा आवाज ऐकवायचाय, तिने हाताने चावी द्यायचं घड्याळ अजून बघितलंच नाही. पट्टा सुटलाय म्हणत होतात, तो मात्र आधी बदलून घ्या.

आता लंडनचा धसका घेऊ नका. आमचं हॅरो शांत आहे, मी रात्री दहाला स्टेशनवरून चालत येते. तुमची खोली खालीच केलीय, जिना चढायचा नाही, बाथरूममध्ये बादली आणि मग ठेवलाय, नळाला चोवीस तास गरम पाणी. गादी कडक आणलीय, आईच्या पाठीसाठी. ज्वारीचं पीठ वेम्बलीला ईलिंग रोडवर मिळतं, लोखंडी तवा आहे, कुकर आहे, चहाला आलं भरपूर, फक्त चहा पावडर तुमची तुम्ही आणा, इथली तुम्हाला पचणार नाही. जूनमध्ये साडेनवापर्यंत उजेड असतो, संध्याकाळी हेडस्टोन मॅनर पार्कात फिरायला जाता येईल, बाकं खूप आहेत. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, 1932 पासूनचं, तिथे तुम्हाला पत्ते खेळायला मंडळी मिळतील.

आई, आता तुझं. पाटल्या आणि मोठं मंगळसूत्र घड्याळाशेजारीच ठेवून ये, बारीक काळ्या मण्यांचं घाल. दिवाळीच्या सुमारास इथले पोलीसच भारतीय घरांना सांगतात की सोनं सांभाळा, चोरांनाही कळलंय आपल्या कपाटात काय असतं ते. लग्नकार्य काही नाहीये इथे, उगाच मिरवायला आणू नकोस, तुझ्या हिरव्या बांगड्या मला जास्त आवडतात.

आणि दोघांनी ऐका, नीट वाचा. रस्त्यात कोणी फार प्रेमाने अंगाशी आलं, वेळ विचारली, नाचायला लागलं, तर सांगलीत ते तोतया पोलीस "पुढे खून झालाय, दागिने काढून रुमालात बांधा" म्हणतात तेव्हा जशा सावध होता तसं व्हायचं. दोन पावलं मागे, सरळ जवळच्या दुकानात. फोन फुटपाथच्या कडेला उभं राहून बघायचा नाही, सायकलवरून येऊन उडवतात. आणि कोणी काही मागितलंच तर द्यायचं. पर्स, फोन, चष्मा, जे मागेल ते. बाबा, पळायचं नाही मागे. मला प्रॉमिस हवंय, फोनवर नाही, पिल्लूच्या डोक्यावर हात ठेवून. मग 999 ला, म्हणजे इथल्या पोलिसांना, आणि मग मला.

गोळ्या सहा महिन्यांच्या घ्या, डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन इंग्रजीत टाइप केलेलं आणा, हँडबॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. आई, बाबांची रात्रीची गोळी तू मोजतेस ना अजून?

अजून एक. तुमच्या जावयाला माहीत नाही मी तुम्हाला कळवलंय ते. तो म्हणत होता ते आले की मीच समोर बसून सांगेन, आणि गेले आठ दिवस त्याला नीट जेवण जात नाहीये. तुमच्या पहिल्या पगारापासूनच्या सवयी मला माहितेत, तुम्ही ते ओमेगा कसं घेतलंत, कुठली एफडी मोडलीत तेही आईने सांगितलंय, आणि त्यालाही मी सांगितलं होतं, त्याचंच त्याला जास्त लागतंय. तेव्हा हीथ्रोला बाहेर आलात की तो पुढे येईल, बॅगा घ्यायला हात पुढे करेल. बाबा, तेव्हा त्याच्या मनगटाकडे बघू नका. आधी त्याला जवळ घ्या.

तुमची,
मनू