डीपीएफ ‘चोक’ ठरवण्याआधी दोन नळ्या पाहा

महोदय,

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल ट्रकना काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. चढावर गाडी लोड घेईना, डॅशबोर्डवर दिवा लागला की गॅरेजचे निदान ठरलेले : ‘डीपीएफ चोक.’ मग फिल्टर बदलण्याचा भुर्दंड, नाहीतर तो कापून पोकळ करण्याचा बेकायदा सल्ला. कित्येकदा फिल्टर धड असतो. बिघाड असतो त्याच्या प्रेशर सेन्सरमध्ये, त्याहून जास्त वेळा सेन्सरच्या नळ्यांत.

एक नळी फिल्टरच्या आधीचा दाब आणते, दुसरी नंतरचा. सेन्सर दोहोंतला फरक मोजतो. फरक वाढला की काजळी साठली असे धरून ईसीयू (इंजिनचा संगणक) जादा डिझेल सोडतो आणि फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापवून ती जाळतो. इंजिन बंद असतानाच सेन्सर शून्याऐवजी दोन किलोपास्कल दाखवत असेल, तर काजळी जाळण्याचे हे काम, म्हणजे रीजनरेशन, विनाकारण वारंवार होते. जिथे जादा डिझेल सिलिंडरमध्येच फवारले जाते, तिथे ते ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर पातळी वाढलेली पाहून ‘गाडी ऑइल खात नाही’ म्हणून खूश होणारे कमी नाहीत! उलट, फिल्टरच्या आधीची नळी फाटली तर दाब कमी दिसतो आणि काजळी गुपचूप भरत राहते.

नळ्या तुंबतात त्या ओलाव्याने. धुरातल्या वाफेचे पाणी होते, काजळीत कालवून त्याचा काळा चिखल होतो. म्हणूनच सेन्सर उंचावर आणि नळ्या त्याच्याकडे चढत्या बसवतात. एखादी क्लिप तुटून नळी लोंबली, की त्या झोळात पाणी साचलेच.

चावी ऑन, इंजिन बंद : गाडीला जोडायच्या तपासणी-स्कॅनरवर दाबातल्या फरकाचा आकडा शून्याजवळ हवा. रेस वाढवताना तो सलग चढावा, सोडताच उतरावा. जागचा हलला नाही तर नळी तुंबली समजा. उणे दिसला तर नळ्या उलटसुलट जोडल्या आहेत. साफ करताना नळी आधी सेन्सरकडून सोडवावी, मगच फिल्टरच्या दिशेने हवा मारावी. नळीच्या लोखंडी भागात घट्ट बसलेली काजळी बारीक तारेने काढावी. सेन्सरमध्ये हवा मारली तर आतला पडदा गेलाच. पाण्याची किंवा साधी रबरी नळी तिथे चालत नाही, उष्णतेने वितळते. नव्या सेन्सरची शून्य-नोंद कंपनी सांगेल तशी स्कॅनरने करून घ्यावी.

एवढे करूनही आकडा चढाच राहिला, तर मात्र फिल्टरकडे वळावे. काजळी रीजनरेशनने जळते. ऑइलची राख जळत नाही, तिच्यासाठी फिल्टर उतरवून मशीनवर साफ करावा लागतो.

सर्व्हिस सेंटरांनी फिल्टर बदलण्याच्या एस्टिमेटवर चावी ऑन, आयडल (रेस न देता चालू इंजिन) आणि पूर्ण रेस असे तीन आकडे लिहून द्यावेत. मालकांनीही ते बघितल्याशिवाय सही करू नये.

– ट्रक दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक, चाकण