सहा चाकांच्या गाडीला चार टायर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(आणि ते पत्रं वाचत नसतील, तर त्यांच्यावर जे कोणी असतील ते)

विषय: टिरेल पी३४ या फॉर्म्युला वन शर्यतीच्या गाडीचं, १/२० मापाचं, जोडायचं मॉडेल किट. पुढचे दोन लहान टायर कमी, आणि तक्रार मला न विचारता 'निकाली'.

तुमच्या प्रतिनिधीने फोन ठेवून अजून दहा मिनिटं झालेली नाहीत. त्यामुळे आधीच सांगते, या पत्रात 'कृपया' हा शब्द फार वेळा येणार नाही.

ही गाडी काय आहे हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नसावी. खोक्याच्या झाकणावर तुम्हीच ती या टोकापासून त्या टोकापर्यंत छापली आहे. तरीही एका वाक्यात सांगते, कारण तुमच्याकडे आजवर मी ज्या चौघांशी बोलले त्यांपैकी एकालाही ते माहीत नव्हतं: या गाडीला सहा चाकं आहेत. पुढे चार लहान, मागे दोन मोठी. तुमच्याच सूचनापुस्तिकेत भागांची यादी आहे. टी१, लहान टायर, ४ नग. टी२, मोठे टायर, २ नग. माझ्या खोक्यातल्या सीलबंद पिशवीत दोन लहान आणि दोन मोठे निघाले.

म्हणजे ज्या एका गोष्टीपायी माणूस हे मॉडेल विकत घेतो, नेमकी तीच अर्धी.

पिशवी उघडली त्याच संध्याकाळी शेजारी पट्टी ठेवून फोटो काढला आणि ईमेल केला. आपोआप उत्तर आलं, 'तुमचा आनंद हेच आमचं ध्येय.' आठवड्याने दुसरं आलं, बारकोडचा फोटो पाठवा. पाठवला. मग तिसरं, 'सदोष भागाचा स्पष्ट फोटो पाठवावा.' मी कळवलं की भाग सदोष नाही, भाग नाहीच आहे. त्यावर उत्तर, सदोष भागाच्या फोटोशिवाय तक्रार पुढे सरकू शकत नाही. शेवटी कटिंग मॅटवर ते दोन टायर जिथे असायला हवे होते, त्या रिकाम्या जागेचा फोटो काढून पाठवला. तो 'अस्पष्ट आहे' म्हणून परत आला. हे मी रचून सांगत नाही. सगळा पत्रव्यवहार सोबत जोडला आहे.

या काळात मी हातावर हात ठेवून बसले नव्हते. टायर सगळ्यात शेवटी चढतात, तोवर येतील असं मला वाटलं. (हा माझा भाबडेपणा. त्याचं खापर तुमच्यावर फोडत नाही.) कॉसवर्थ डीएफव्ही इंजिनाच्या हवा आत घेणाऱ्या आठही इनटेक तुताऱ्या तुमच्या साच्यातून भरीव येतात, त्या एकेक करून पिन व्हाइसने, म्हणजे हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने, पोकळ केल्या. आठ सिलिंडर, आठ प्लग, म्हणून आठ वायरी ओढल्या, ०.४ मिमीच्या. खरी वायर साधारण आठ मिलिमीटर जाड धरली आणि विसाने भागलं की तेवढीच येते. बॉडीवर निळ्या रंगाचे तीन हात दिले, मध्ये दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फिरवला, वर क्लिअर कोट. कॉकपिटच्या बाजूंना त्या छोट्या खिडक्या आहेत ना, ड्रायव्हरला पुढची चाकं दिसावीत म्हणून ठेवलेल्या, त्यांच्या कडा रंगवण्यात एक अख्खा रविवार गेला.

त्या खिडक्यांतून सध्या दोन उघड्या रिमा दिसतात.

सातव्या आठवड्यात पाकीट आलं. मी ते घाईने फाडलंसुद्धा नाही, कात्रीने नीट कापलं. आत दोन टायर होते. मोठे.

मूळ गाडीची पुढची रिम दहा इंची आणि मागची तेरा इंची. तुमच्या मापात पुढची १२.७ मिमी आणि मागची १६.५ मिमी. मागचा टायर पुढच्या रिमवर घातला तर तो थोरल्या बहिणीच्या बांगडीसारखा मनगटावर गोल गोल फिरतो. मी घालून पाहिला. का पाहिला, ते विचारू नका.

तर आता माझ्याकडे दोन लहान आणि चार मोठे टायर आहेत. बेरीज सहा. ही बेरीज लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

आज सकाळी फोन केला. सव्वीस मिनिटं संगीत ऐकलं. मग एक मुलगा आला, आवाजावरून बावीस-तेवीसचा, अगदी सभ्य. माझा राग त्याच्यावर नाही, त्याला त्या खुर्चीत बसवून काहीही न सांगणाऱ्यांवर आहे. तो म्हणाला, "मॅडम, ही तक्रार सिस्टिममध्ये क्लोज दिसतेय." मी विचारलं, कोणी केली? "रिप्लेसमेंट डिलिव्हर झालं की आपोआप होते." मी सांगितलं की आलेला माल चुकीचा आहे. तो म्हणाला, "तुम्हाला एकूण टायर किती मिळाले?" खोक्यात चार, पाकिटात दोन. "म्हणजे सहा." हो. "आणि तुम्हाला सहाच हवे होते ना?"

मी म्हटलं, सहा हवे होते, पण हे सहा नाही. चार लहान आणि दोन मोठे हवेत, माझ्याकडे बरोबर उलटं आहे. थोडा वेळ शांतता. मग तो हळूच, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाला, "मॅडम, पण कारला चारच टायर लागतात."

या गाडीला सहा लागतात, मी म्हटलं.

"अच्छा, म्हणजे दोन स्टेपनी?"

व्यवस्थापक महोदय, हे वाक्य मी फोन ठेवल्यापासून मनात घोळवते आहे. १९७६ सालची फॉर्म्युला वनची गाडी. ड्रायव्हरच्या पाठीमागे इंजिन, त्यामागे गिअरबॉक्स, त्यावर विंग. यात स्टेपनी कुठे ठेवायची? तिच्या ड्रायव्हरने, शेक्टरने, मांडीवर घेऊन बसायचं होतं? पंक्चर झालं की रेलिंगला गाडी टेकवून जॅक शोधायचा होता?

तरी मी आवाज चढवला नाही. म्हटलं, बाळा, तुमच्याच वेबसाइटवर या किटचं पान उघड आणि फोटो बघ. टाइप केल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, दिसलं एकदाचं. आणि तो म्हणाला, "हो मॅडम, इमेजमध्ये एरर आहे. पुढची चाकं डबल आली आहेत. मी टेक्निकल टीमला कळवतो."

उद्या तुमच्या वेबसाइटवर ही गाडी चार चाकांची दिसू लागली, तर ते कसं झालं हे तुम्हाला ठाऊक असावं, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

मी वरिष्ठांना फोन द्यायला सांगितलं. वरिष्ठ आले. त्यांचा पहिलाच प्रश्न, "मुलासाठी घेतलंय का मॅडम? मोठेच बसवून द्या, मुलांना एवढं कळत नाही." मी गप्प. "मुलाचं वय काय?" मी म्हटलं, एक्कावन्न. "ओके मॅडम, नोट केलं."

नोट केलं! तुमच्या नोंदीत आता माझा एक्कावन्न वर्षांचा मुलगा आहे. तो मीच आहे. गेली अठ्ठावीस वर्षं मी मॉडेलं करते आहे. आणि समजा खरंच लहान मुलासाठी घेतलं असतं, तर त्याला सहा चाकं नको होती? चाकं मोजणं ही मुलांनाच सगळ्यात आधी जमणारी गोष्ट आहे. तुमच्या विभागापेक्षा तर नक्कीच आधी.

फोन संपल्यावर संदेश आला, सेवेला १ ते ५ पैकी गुण द्या. पाचपर्यंतच. सहा हा आकडा तुमच्याकडे कुठेच बसत नाही, असं दिसतं.

आता हे 'दोनच तर टायर' प्रकरण मी एवढं का ताणते आहे, ते सांगते. या गाडीचा आराखडा करणाऱ्या डेरेक गार्डनरने ती लहान चाकं दिसायला गोंडस म्हणून लावली नव्हती. नियमानुसार गाडीचं नाक दीड मीटरपर्यंत रुंद असू शकत होतं. पुढची चाकं त्याच्या आडोशाला दडवली की वारा त्यांच्यावर आदळत नाही. पण लहान चाकाचा रस्त्याला लागणारा भाग कमी, म्हणून दोनाच्या जागी चार. सगळी गाडी या एका विचारातून निघाली आहे. १३ जून १९७६ला स्वीडनमधल्या अँडरस्टॉर्पला शेक्टर पहिला आणि त्याच्याच संघाचा देपाये दुसरा आला. सहा चाकांच्या गाडीने फॉर्म्युला वनमध्ये जिंकलेली ही एकमेव शर्यत. तुमच्या झाकणावर चित्र त्याच दिवसाचं आहे. त्या दोन गाड्यांखाली मिळून बारा चाकं होती. स्टेपनी एकही नव्हती.

आणि या गाडीने शेवटी कशामुळे मार खाल्ला, तेही तुम्हाला माहीत असेलच. ते पुढचे लहान टायर गुडइयर फक्त या एका संघासाठी बनवत होती. इतरांच्या मोठ्या टायरांमध्ये सुधारणा होत गेल्या, हे मागे पडले, आणि १९७७मध्ये पीटरसनसारखा ड्रायव्हर असूनही गाडी रखडली. म्हणजे पुढच्या टायरांचा पुरवठा हे या गाडीचं ऐतिहासिक दुखणंच. ते तुम्ही विसावा भाग करून इतक्या इमानदारीने किटमध्ये उतरवाल, अशी अपेक्षा मात्र नव्हती.

विषय निघालाच आहे तर आणखी दोन गोष्टी. डेकलच्या, म्हणजे गाडीवर चिकटवायच्या चित्रांच्या, कागदावर पांढरा थर निळ्याच्या खालून अर्धा मिलिमीटर बाहेर आला आहे. तो मी ब्लेडने कापून निभावलं. पण स्टिअरिंगच्या टप्प्यातलं चित्र चुकलेलंच आहे: पुढच्या जोडीकडून मागच्या जोडीकडे जाणारा जोडदांडा उलटा दाखवला आहे. तो तसाच चिकटवला तर पुढची दोन चाकं डावीकडे वळतात आणि त्यामागची दोन उजवीकडे. मी प्रत्येक भाग आधी गोंदाशिवाय जुळवून पाहते म्हणून वाचले. ज्यांनी तुमच्या पुस्तिकेवर विश्वास ठेवला असेल, त्यांच्या गाडीच्या मनात काय चाललं आहे देव जाणे. हे मी दुसऱ्याच ईमेलमध्ये लिहिलं होतं. उत्तर आलं, 'टायरच्या तक्रारीत स्टिअरिंगची तक्रार जोडता येत नाही.'

आणि टायर अजून आलेले नाहीत, हे पुन्हा सांगते. लहान. दोन. पुढचे.

तुमचं पहिलं किट मी जोडलं तेव्हा त्यात एक आरसा तुटलेला निघाला होता. मी पोस्टकार्ड टाकलं होतं. पंधरवड्यात पाकीट आलं, त्यात आरशांची अख्खी फ्रेम होती आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी, 'दुसरा आरसा जपून ठेवा, तोही नाजूक आहे.' ते लिहिणाऱ्या माणसाने ते मॉडेल स्वतः जोडलं होतं, हे त्या एका ओळीत कळत होतं. त्या चिठ्ठीच्या जोरावर मी इतकी वर्षं तुमचीच किटं घेत आले. आता तिथे कोण बसतं मला माहीत नाही. सिस्टिम बसते, एवढं कळलं.

मला नवीन किट नको, सवलतीचं कूपन तर मुळीच नको. टी१, लहान टायर, दोन नग. शक्य असेल तर पाकीट बंद करण्याआधी तुमच्यापैकी कोणीतरी आत बघा. शेजारी पट्टी ठेवा. ते मागच्यांपेक्षा लहान दिसले पाहिजेत.

पंधरा दिवसांत ते आले नाहीत तर ग्राहक न्यायालयात जायचं की नाही ते मी ठरवेन. त्यात माझाच वेळ जाईल हे मला कळतं, आणि तुम्हालाही कळतं, म्हणूनच तुम्ही निवांत आहात. पण आमच्या मंडळींचं वार्षिक प्रदर्शन जवळ आलं आहे आणि माझं टेबल नक्की झालं आहे. गाडी तिथे आहे तशी ठेवली जाईल: मागचे दोन मोठे, पुढचे दोन लहान, आणि उरलेल्या दोन उघड्या रिमांखाली लाकडाचे ठोकळे. शेजारी तुमच्या खोक्याचं झाकण आणि आजच्या संभाषणाची छापील प्रत, स्टेपनीसकट. तिथे येणाऱ्यांत तुमचे ग्राहक नसलेले फार थोडे असतात.

सोबत तुमचे चुकून आलेले दोन मोठे टायर परत पाठवते आहे. पाकिटावर 'मोठे, २ नग' असं मोजून लिहिलं आहे. पोच द्यावी, आणि उत्तर पाठवाल तेव्हा ते माझ्या नावाने पाठवा, माझ्या मुलाच्या नाही.

आपली,
(तक्रार क्रमांक तुमच्याकडे आहेच. 'निकाली' या सदरात शोधा.)