राजीनामा आधी, शपथ नंतर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘द वेस्ट विंग’ या अमेरिकी राजकीय मालिकेच्या चौथ्या पर्वाचा अखेरचा भाग, ‘ट्वेंटी फाइव’, मी नुकताच तिसऱ्यांदा पाहिला आणि त्याविषयी लिहिल्यावाचून राहवले नाही. २००३च्या मे महिन्यात प्रथम दाखवल्या गेलेल्या या भागाचे नाव निघाले की राष्ट्राध्यक्षांच्या मुलीचे अपहरणच आधी आठवते. माझेही आजवर तसेच होत असे. या वेळी मात्र मन खिळून राहिले ते शेवटच्या काही मिनिटांतील एका राजीनाम्यावर.

मुलगी झोई अपहरणकर्त्यांच्या ताब्यात असताना आपण देशाचे निर्णय बापाच्या मनाने घेऊ, ही भीती ओळखून डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्ष बार्टलेट सत्ता तात्पुरती सोडतात. मार्टिन शीन यांनी ही असहायता फार संयमाने उभी केली आहे. पण सत्ता सोपवायची कोणाकडे? १९६७ मध्ये संमत झालेल्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीचे तिसरे कलम, ज्याच्या आधारे राष्ट्राध्यक्ष स्वतःहून तात्पुरते अधिकार सोडू शकतात, उपराष्ट्राध्यक्षांचे नाव घेते, आणि मालिकेतील उपराष्ट्राध्यक्ष हॉइन्स यांनी तर थोड्याच दिवसांपूर्वी पद सोडलेले असते. अशा वेळी १९४७चा उत्तराधिकार कायदा पुढे येतो. त्यानुसार राष्ट्राध्यक्षांचे अधिकार प्रतिनिधिगृहाच्या सभापतींकडे, म्हणजे विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या वॉकन यांच्याकडे जातात.

याच कायद्यात एक कठोर अट आहे. सभापतींनी आधी सभापतिपदाचा आणि सभागृहाच्या सदस्यत्वाचाही राजीनामा द्यायचा, आणि मगच कार्यकारी राष्ट्राध्यक्ष व्हायचे. बार्टलेट यांचा परतीचा रस्ता मोकळा राहतो. वॉकन यांच्यासाठी तसा रस्ता नाही. ही सत्ता चार दिवसांचीही ठरू शकते हे माहीत असताना एक मुरलेला राजकारणी आयुष्यभराची कमाई एका कागदावर सोडून देतो, आणि जॉन गुडमन तो क्षण कुठलाही आविर्भाव न आणता साकारतात. बार्टलेट यांच्या सहकाऱ्यांच्या मनात मात्र विरोधक आत शिरल्याची धास्ती आहे. ती समजण्यासारखी असली तरी या माणसाने काय गमावले, याचा विचार त्यांच्यापैकी कोणी करताना दिसत नाही. लेखकाने वॉकन यांना सही करण्यापूर्वीचा एखादा एकांताचा प्रसंग द्यायला हवा होता, ही माझी या भागाविषयीची एकमेव तक्रार आहे.

हे सारे अतिरंजित वाटणाऱ्यांनी १९७३ साल आठवावे. उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी १० ऑक्टोबरला राजीनामा दिल्यापासून ६ डिसेंबरला नवे उपराष्ट्राध्यक्ष म्हणून जेराल्ड फोर्ड यांचा शपथविधी होईपर्यंत रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यामागे उत्तराधिकारात पहिले होते ते डेमोक्रॅटिक सभापती कार्ल अल्बर्ट, आणि तेही निक्सन यांचेच पद धोक्यात आणणारे वॉटरगेट प्रकरण ऐन भरात असताना.

मालिकेचे निर्माते-लेखक ॲरन सॉर्किन या भागानंतर बाहेर पडले, म्हणून काही रसिक इथेच थांबतात. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की पाचव्या पर्वाचे पहिले दोन भाग तरी जरूर पाहावेत. वॉकन यांची गोष्ट तिथेच पूर्ण होते.

आपला नम्र,
एक वाचक