ओर्ता वाचताना

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

सोळाव्या शतकातला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचं हिंदुस्थानातल्या औषधींवरचं, संवादरूपात लिहिलेलं पुस्तक वाचायला घेतोयस, फार बरं वाटलं. पहिल्या पानापासून सरळ वाचत जाऊ नकोस. आधी सतरावा संवाद काढ, पटकीवरचा (म्हणजे कॉलऱ्यावरचा). नाडी हाताला लागत नाही, अंग थंड आणि घामही थंडच, तरी आतून आग होते म्हणून रोगी पाणी मागतो, डोळे खोल जातात, पायात गोळे येतात. शरीरातलं पाणी आणि क्षार उलटी-जुलाबांवाटे निघून गेले की रक्ताचं आकारमान घटतं, त्याचीच ही सगळी लक्षणं. कारण त्याला ठाऊक नव्हतं, पण नजर चुकली नाही. इथले वैद्य मिरी-जिरं घातलेली पेज देतात आणि पावलांना डाग देतात, हेही त्याने टिपलंय. डागण्याने काही साधत नाही, पेज मात्र योग्य दिशेची होती.

त्यानंतर धोतरा. चोर तो अन्नात घालत, माणूस भ्रमिष्ट होऊन हसत सुटे आणि अंगावरचे दागिने काढून नेले तरी अडवत नसे. उपाय काय, तर वांती करवून पोट रिकामं करायचं आणि बस्ती (एनिमा) द्यायची, म्हणजे उरलेलं विष अंगात भिनायच्या आत बाहेर पडावं.

हे त्याला जमलं ते इथे राहिल्यामुळे. स्पेनमधल्या सालामांका आणि अल्कालाला शिकलेला, लिस्बनच्या विद्यापीठात शिकवलेला हा वैद्य 1534 मध्ये पोर्तुगीज आरमारी सरदार मार्तिम आफोन्सो द सोझाबरोबर गोव्यात आला आणि परत गेलाच नाही. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले, दरबारातल्या हकिमांशी वाद घातले. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं, तिथल्या त्याच्या आंब्याचा उल्लेख पुस्तकात आहे. ग्रीक ग्रंथ त्याला मुखोद्गत होते, पण प्राचीन ग्रीक वनौषधीकार डायोस्कोरिडीसचं नाव घेऊन मला दबवू नका, असं तो स्पष्ट म्हणतो.

मात्र जिथे त्याने स्वतः पाहिलेलं नाही, तिथे सावध राहा. काळी आणि पांढरी मिरी वेगवेगळ्या वेलींची, असं तो लिहितो. वेल एकच: हिरवे दाणे सालासकट वाळवले की काळी, पिकलेले भिजवून साल काढली की पांढरी.

पुस्तक 10 एप्रिल 1563 रोजी गोव्यात छापलं गेलं. छपाई इतकी सदोष की शुद्धिपत्रच सुमारे वीस पानांचं झालं, तेव्हा मूळ प्रत चाळणार असशील तर ते आधी बघ. 1567 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियसने अँटवर्पला लॅटिन सारांश काढला, पण त्यात संवाद गाळले. युरोपभर गेला तो हाच सारांश, आणि ओर्ता आणि त्याला प्रश्न विचारणारं काल्पनिक पात्र रुआनो यांची मजेदार खडाजंगी मागे राहिली. याची मला खरोखर हळहळ वाटते.

ओर्ता 1568 मध्ये वारला. घराणं मूळचं ज्यू, जबरीने ख्रिस्ती झालेलं. पुढच्याच वर्षी गोव्याच्या धर्मन्यायालयाने (इन्क्विझिशनने) त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जिवंत जाळलं आणि 1580 मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. पुस्तकात तो देवाधर्माबद्दल इतकं जपून का बोलतो, ते यावरून समजून घे.

पोर्तुगीज वनस्पतिशास्त्रज्ञ कॉन्दे द फिकाल्योच्या टिपांसह निघालेली 1891-95 ची आवृत्ती मिळाली तर तीच घे. वनस्पतींची ओळख तिथे नीट पटते.

तुझा,
माधव